कन्सल्टिंगमधलं करिअर घेऊन जर्मनीत यायचंय? ऑफर शोधण्यापासून पर्मनंट रेसिडेन्सीपर्यंत सगळं सविस्तर

पुण्यात किंवा मुंबईत बिग फोरमध्ये (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी), ॲक्सेंचर-कॅपजेमिनीत नाहीतर एखाद्या एसएपी (कंपन्यांचा कारभार चालवणारं जर्मन सॉफ्टवेअर) पार्टनर कंपनीत चार-सहा वर्षं झाली की बाहेर जायचा विचार डोक्यात घोळायला लागतो, आणि त्यात जर्मनी म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्या नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना, मिळेल का? मिळतं हो. डिग्री मान्य असेल, पगार मर्यादेत बसत असेल तर ब्लू कार्ड अडत नाही कारण ते नियमावर चालतं. अडतं ते इथे आल्यावर, प्रोजेक्ट मिळताना. कन्सल्टिंगमध्ये तुमचा पगार क्लायंटला लावलेल्या बिलातून निघतो आणि तुम्हाला कुठल्या प्रोजेक्टवर बसवायचं हे कंपनीला कळत नसेल तर सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये तुम्ही बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, सुकत बसता. म्हणून हा सगळा लेख मी त्याच एका गोष्टीभोवती लिहितोय, प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारत राहायचं की मला इथे नक्की कुठल्या कामावर, कुठल्या भाषेत बसवणार आहेत.

आधी ठरवा, कुठलं कन्सल्टिंग आणि कुठलं शहर

"कन्सल्टिंग" हा इथे एकच बाजार नाहीये. वरच्या टोकाला स्ट्रॅटेजीवाले, म्हणजे मॅकिन्झी, बीसीजी, बेन आणि इथलीच म्युनिकची रोलांड बेर्गर जी १९६७ साली सुरू झाली. इथे भारतातून थेट बाहेरचा माणूस म्हणून शिरणं फार अवघड आहे, केस इंटरव्ह्यू, म्हणजे एखादी धंद्याची अडचण समोर बसून सोडवून दाखवणं, तर आहेतच पण जर्मन कंपनीच्या संचालकांसमोर जर्मनमध्ये बोलता आलं पाहिजे अशी अपेक्षा बहुतेक वेळा असतेच. हा रस्ता घ्यायचा असेल तर त्याच फर्मच्या भारतातल्या ऑफिसमधून ट्रान्सफर किंवा इथे मॅनहाइम, डब्ल्यूएचयू, ईएसएमटी अशा ठिकाणी एमबीए करून मग आत जाणं, हेच दोन दरवाजे जरा उघडे दिसतात.

मधला मोठा पट्टा म्हणजे बिग फोर आणि टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची जागा इथेच आहे. त्यातही सध्या सगळ्यात भक्कम कारण एसएपी आहे. त्याच्या जुन्या ईसीसी सिस्टिमचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ ला संपतोय, त्यानंतर २०३० पर्यंत जादा पैसे मोजून वाढवून मिळतो, त्यामुळे मध्यम आकाराच्या शेकडो जर्मन कंपन्या एस/४हाना या नव्या सिस्टिमवर जायच्या घाईत आहेत आणि अनुभवी माणसं कमी पडतायत. फायनान्स, मटेरियल्स, प्रॉडक्शन प्लॅनिंग, वेअरहाउस यातलं एखादं मॉड्यूल आणि निदान एक-दोन पूर्ण मायग्रेशन हाताखालून गेलेली असतील तर तुमच्या सीव्हीकडे लक्ष जातंच.

दुसरी चांगली जागा फ्रँकफर्ट. तिथे युरोपियन सेंट्रल बँक आहे, मोठ्या बँका आहेत, आणि डोरा नावाचा जो नियम आहे, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या आयटी यंत्रणेच्या सुरक्षिततेचा युरोपियन कायदा, तो १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. रिस्क, रेग्युलेटरी, सायबर सिक्युरिटी अशा कामांत तिथे इंग्लिश बऱ्यापैकी चालते कारण सेंट्रल बँकेचं स्वतःचं कामकाजच इंग्लिशमध्ये होतं. मुंबईत बँकिंग क्लायंटवर काम केलेल्यांनी म्युनिकच्या आधी फ्रँकफर्ट बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑटोमोटिव्हबद्दल मात्र सावध राहा. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे प्लांट असल्यामुळे पुण्यातल्या खूप जणांचा अनुभव गाड्यांच्या क्षेत्रातला आणि त्यामुळे स्टुटगार्ट-वोल्फ्सबुर्ग डोळ्यासमोर येतं, पण ते क्षेत्र सध्या आजारी आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेबरोबर जो करार केला त्यात २०३० पर्यंत ३५,००० पेक्षा जास्त जागा कमी करायचं ठरलंय, सुटे भाग बनवणाऱ्या बॉश आणि झेडएफ पण माणसं कमी करतायत, आणि क्लायंट हात आखडता घेतो तेव्हा बाहेरच्या कन्सल्टंटचं बजेट सगळ्यात आधी जातं. एकूणच जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ सलग दोन वर्षं आकसली. गाड्यांचा अनुभव वाया जात नाही पण तो "ऑटोमोटिव्ह" म्हणून विकू नका, सप्लाय चेन किंवा मॅन्युफॅक्चरिंग म्हणून विका, म्हणजे मशिनरी, फार्मा, केमिकलवाले क्लायंट पण उघडतात.

सरकारी प्रोजेक्ट भरपूर असतात, बर्लिनमध्ये तर विशेष, पण तिथे जर्मन सी१ शिवाय (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा सी२ पर्यंत चढत जातात) आणि अनेकदा सिक्युरिटी क्लिअरन्सशिवाय पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्या नोकरीसाठी तो विचार सोडून द्या.

जर्मन, आणि याला शॉर्टकट नाही

"ऑफिसमध्ये सगळे इंग्लिश बोलतात" हे खरं आहे आणि तरी त्यावर विसंबून राहू नका. ऑफिसमध्ये बोलतात, क्लायंटकडे नाही. आतल्या स्टाफिंगच्या, म्हणजे कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर लावायचं त्याच्या, मेलमध्ये प्रोजेक्टची माहिती चार ओळींत असते, मॉड्यूल अमुक, क्लायंट तमुक, सुरुवात पुढच्या महिन्यात, आणि शेवटची ओळ "डॉइच फेरहांडलुंग्सझिशर", म्हणजे वाटाघाटी करता येतील एवढं जर्मन हवं. दहापैकी सहा-सात मेलांत ती ओळ दिसली की ज्याच्याकडे ए२ आहे तो माणूस उरलेल्या तीन-चार प्रोजेक्टसाठी बाकी सगळ्या परदेशी सहकाऱ्यांशी स्पर्धा करत असतो. आणि क्लायंटचा प्रोजेक्ट मॅनेजर इंग्लिश बोलत असला तरी वर्कशॉपला जी गोदामातली किंवा अकाउंट्समधली माणसं बसतात, पंचवीस वर्षं तेच काम करणारी, ती अडचण सांगतात जर्मनमध्ये आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

म्हणून निघायच्या निदान दीड वर्ष आधी सुरू करा. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत पण मॅक्सम्युलर भवन आहे, जर्मन शिकायला पुण्यासारखं शहर भारतात क्वचितच सापडेल. बी१ परीक्षा भारतातच देऊन या. इथे आल्यावर, नोकरी, घर, कागदपत्रं या गडबडीत पहिल्या सहा महिन्यांत अभ्यास होत नाही, हे मी आसपासच्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलंय. बी१ हातात असलं की पुढे पर्मनंट रेसिडेन्सीपण सहा महिने आधी मिळते, ते खाली सांगतो.

आत यायचे रस्ते

पहिला रस्ता, सध्याच्याच कंपनीतून ट्रान्सफर. यातही दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. एकात तुम्ही भारतातल्या कंपनीच्या पे-रोलवरच राहता आणि आयसीटी कार्डवर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) येता, त्यासाठी कंपनीत निदान सहा महिने झालेले लागतात आणि स्पेशालिस्ट किंवा मॅनेजरला जास्तीत जास्त तीन वर्षं राहता येतं. दुसऱ्यात तुम्ही भारतातला राजीनामा देऊन जर्मन एन्टिटीबरोबर लोकल कॉन्ट्रॅक्ट करता आणि ब्लू कार्डवर येता. करिअर इथे करायचं असेल तर लोकल कॉन्ट्रॅक्टच मागा. आयसीटीवर तुम्ही मुळात कंपनीने तात्पुरता पाठवलेला माणूस असता, प्रोजेक्ट संपला की परतीचं तिकीट, आणि इथला स्टाफिंग मॅनेजर तुम्हाला आपला माणूस म्हणून मोजतच नाही. पुण्या-मुंबईच्या डिलिव्हरी सेंटरमध्ये असाल तर जर्मन क्लायंटचा प्रोजेक्ट मागून घ्या, तिथल्या मॅनेजरबरोबर वर्षभर चांगलं काम करा आणि मग त्यालाच विचारा, बदलीसाठी एचआरच्या पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी जास्त वेळा यशस्वी होतो, कारण तो मॅनेजर म्हणजे तुमचा पहिला प्रोजेक्ट.

दुसरा रस्ता थेट अर्ज. लिंक्डइन, स्टेपस्टोन आणि कंपन्यांच्या स्वतःच्या करिअर पेजवर. मोठ्या नावांच्या मागे सगळेच असतात, पण पन्नास ते पाचशे माणसांच्या ज्या छोट्या एसएपी, डेटा किंवा सायबर सिक्युरिटी कन्सल्टिंग फर्म आहेत त्या उत्तरं लवकर देतात आणि तिथे काम पण पटकन मिळतं. सीव्ही दोन पानांचा, प्रत्येक प्रोजेक्टखाली उद्योग, टीमचा आकार, तुमची नेमकी भूमिका आणि निष्पन्न काय झालं हे लिहा, "ग्लोबल क्लायंटसाठी एन्ड टू एन्ड सोल्युशन दिलं" असलं वाक्य वाचून इथला माणूस पान उलटतो.

तिसरा, चान्सेनकार्ड, जे १ जून २०२४ पासून सुरू झालं. नोकरी नसताना येऊन एक वर्ष शोधता येते, आठवड्याला वीस तास पार्टटाइम करता येतं, निदान सहा पॉइंट जमवावे लागतात आणि खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. कन्सल्टिंगसाठी मी हा रस्ता सुचवत नाही. इथल्या फर्म भारतात बसलेल्या माणसाचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू आरामात घेतात, मग साठवलेले पैसे जाळत इथे येऊन तेच करण्यात अर्थ काय?

ऑफर आली, आता सही करायच्या आधी

इथे घाई करू नका, सगळं इथेच ठरतं. इंटरव्ह्यूच्या शेवटी "काही प्रश्न?" असं विचारतात तेव्हा कंपनीच्या संस्कृतीबद्दल विचारण्यात वेळ घालवू नका, हे विचारा: मी ज्या टीममध्ये येणार त्या टीमचे सध्या किती प्रोजेक्ट इंग्लिशमध्ये चालू आहेत? माझा पहिला प्रोजेक्ट ठरलाय का, आणि नसेल तर तो कोण ठरवणार? माझ्या लेव्हलला युटिलायझेशनचं, म्हणजे क्लायंटला बिल लावता येणाऱ्या तासांचं, टार्गेट किती आणि ते प्रोबेशनमध्येही लागू आहे का? माझ्यासारखी, म्हणजे बी१ जर्मनवाली माणसं टीममध्ये आहेत का, त्यांच्याशी अर्धा तास बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मी दोनदा विचार करीन.

मग पगार. ब्लू कार्डची किमान मर्यादा दर जानेवारीला बदलते, २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० आहे, आणि आयटी-इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या व्यवसायांना किंवा डिग्री मिळून तीन वर्षं झाली नाहीत अशांना ४५,९३४ च्या वर असला की चालतो. खात्रीचा पगारच यात धरतात, बोनस नाही, म्हणून फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं लिहून घ्या.

आकडा रुपयांत गुणून हुरळून जाऊ नका. ७०,००० ग्रॉसवर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण साडेतीन हजारांच्या आसपास येतात, बाकी टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेकारी विमा यात जातात. लग्न झालेलं असेल, जोडीदार इथे राहत असेल आणि कमावत नसेल तर टॅक्स क्लास तीन मिळतो आणि हातात बराच जास्त येतो. म्युनिकमध्ये भाडंच एवढं आहे की तिथली आणि लाइपझिगची सारखीच ऑफर असेल तर ती सारखी नाहीच.

कॉन्ट्रॅक्टमध्ये अजून तीन कलमं बोट ठेवून वाचा. ओव्हरटाइम पगारातच धरलाय का, आणि किती तासांपर्यंत. रिलोकेशनचे पैसे दिले तर अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यायची अट आहे का. आणि प्रवास, क्लायंटकडे जायचा वेळ कामात धरतात का. सुट्ट्या कायद्याने किमान २० असतात पण कन्सल्टिंगमध्ये २८ ते ३० सर्रास देतात, त्यापेक्षा कमी दिल्या तर बोला.

जॉइनिंगची तारीख. भारतातला नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ऐकून जर्मन एचआर दचकत नाही, त्यांच्याकडेही तीन महिने नेहमीचेच आहेत. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि तारीख त्या हिशोबाने पुढची मागा. आपल्याकडचे एचआर कितीही घाई करोत.

डिग्रीची भानगड

अनाबिन नावाची जर्मन सरकारी डेटाबेस आहे, त्यात दोन गोष्टी बघायच्या, युनिव्हर्सिटीला एच+ दर्जा आहे का आणि तुमची डिग्री तिथे समकक्ष म्हणून नोंदलेली आहे का. कॉलेजचं नाव शोधत बसू नका, डिग्री सर्टिफिकेटवर ज्या युनिव्हर्सिटीचं नाव आहे तीच बघायची, म्हणजे बहुतेकांसाठी सावित्रीबाई फुले पुणे, मुंबई, शिवाजी वगैरे. दोन्ही सापडलं तर त्या पानांची प्रिंट व्हिसाच्या फाइलला लावा, झालं. नसेल सापडत तर बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून स्टेटमेंट ऑफ कम्पॅरेबिलिटी घ्यावं लागतं, फी २०८ युरो, आणि ते आधीच मागवून ठेवा कारण वेळ लागतो.

इथे दोन प्रकारचे लोक अडतात. एक सीए. सीए ही युनिव्हर्सिटीची डिग्री नाही, त्यामुळे ब्लू कार्डसाठी त्यांची बी.कॉम. किंवा एम.कॉम. पुढे येते, ती कागदपत्रं कपाटातून शोधून ठेवा. दुसरे पीजीडीएमवाले, तो डिप्लोमा कितीही नामांकित संस्थेचा असला तरी डिग्री म्हणून आधार बी.ई. किंवा बी.टेक.चाच घ्या, ते सोपं पडतं.

आणि एजंट सगळ्या कागदांना अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचा खरेपणाचा सरकारी शिक्का, करून घ्या म्हणून पैसे मागतात, तसलं काही करायच्या आधी जर्मन कॉन्सुलेटच्या चेकलिस्टमध्ये ते मागितलंय का ते स्वतः वाचा. एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचं, सर्टिफिकेट सुद्धा विद्यार्थ्यांसाठी आहे, नोकरीवर येणाऱ्यांना नको.

व्हिसा

हा भाग खरंच छोटा आहे. महाराष्ट्र-गोव्यातल्यांचा अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातो, अर्ज ऑनलाइन कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर भरायचा, फी ७५ युरो. कंपनी तयार असेल तर त्यांना फास्ट-ट्रॅक प्रक्रिया करायला सांगा, ती कंपनीने इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करायची असते, ४११ युरो फी आहे आणि त्यानंतर कॉन्सुलेटला तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यावी लागते. मोठ्या फर्मना हे माहीत असतं, छोट्या फर्मना तुम्ही सांगावं लागतं.

नावाकडे लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि इथे ते दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव होतं. कॉन्ट्रॅक्ट, व्हिसा, बँक, इन्शुरन्स, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच येऊ द्या, एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की पुढे सहा ठिकाणी पत्रव्यवहार.

निघायच्या आधीची आवराआवर

एक्स्पीरियन्स लेटर. आपल्याकडे "अमुक ते तमुक काळात काम केलं, आम्ही शुभेच्छा देतो" असं चार ओळींचं पत्र देतात. इथे प्रत्येक नोकरी सोडताना पान-दोन पानांचं आर्बाइट्सत्सॉयग्निस मिळतं, त्यात काय काम केलं, कसं केलं हे सगळं लिहिलेलं असतं आणि पुढची कंपनी ते वाचते. म्हणून नोटीस पिरियडमध्येच मॅनेजरला मसुदा स्वतः लिहून द्या, प्रोजेक्ट, जबाबदाऱ्या, टीम, कामाचा दर्जा, आणि लेटरहेडवर सही घ्या. सोडून गेल्यावर वर्षाने मागायला गेलात तर कुणी दारात उभं करत नाही.

तारीख आणि टॅक्स. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर त्या वर्षी तो भारतासाठी अनिवासी होतो, म्हणजे साधारण सप्टेंबर संपायच्या आत निघालात तर बरं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघालात तर त्या वर्षी निवासी म्हणूनच रिटर्न भरायचं आणि जर्मनीतला पगारही दाखवायचा, दुहेरी टॅक्स टाळायचा करार आहे पण कागदपत्रं वाढतात. एखादा सीए आधीच गाठा.

बँकेतलं नेहमीचं सेव्हिंग अकाउंट एनआरओ (भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं) करून घ्यावं लागतं, ते तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. पीपीएफ चालू राहतं मुदत संपेपर्यंत, नवं उघडता येत नाही. पीएफ नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलं तर टॅक्स लागतो. आणि ही गोष्ट फार कमी जण सांगतात: एनआरई (परदेशातल्या कमाईचं अनिवासी खातं) एफडीचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून जर्मनीतही आहे असं नाही. तुम्ही इथले रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, त्यात ते व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, म्युच्युअल फंड विकून झालेला नफा सगळं आलं.

आयसीटीवर, म्हणजे भारतीय पे-रोलवर येणाऱ्यांनी ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घ्यायला कंपनीला सांगा. दोन देशांतला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यामुळे ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनमध्ये वेगळे पैसे कापले जात नाहीत.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

कंपनीकडून एक-दोन महिन्यांचं फर्निश्ड अपार्टमेंट मागून घ्या, पगारवाढीपेक्षा याचा उपयोग जास्त. कारण कायमचं घर मिळायला पगाराच्या स्लिपा आणि शुफा म्हणजे इथला क्रेडिट रिपोर्ट मागतात, नव्या माणसाकडे दोन्ही नसतं. मात्र त्या अपार्टमेंटवर आनमेल्डुंग होते का हे आधी लेखी विचारा, सगळ्या ठिकाणी होत नाही. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, घरात आल्यापासून चौदा दिवसांत करायची, घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो आणि त्याच्यावर पुढचं सगळं लटकलेलं असतं. टॅक्स आयडी त्याच पत्त्यावर पोस्टाने येतो. टपालपेटीवर तुमचं नाव पहिल्याच दिवशी लावा, साध्या चिकटपट्टीवर लिहून लावलं तरी चालेल, पण नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत जातं, आणि बँकेचं कार्ड, पिन, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स आयडी सगळं पत्रानेच येतं. टॅक्स आयडी वेळेत एचआरला दिला नाही तर टॅक्स क्लास सहाने भरपूर कापतात, परत मिळतं पण नंतर.

घर शोधताना, बघितल्याशिवाय एक सेंट देऊ नका. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने देतो" हा फसवणुकीचा ठरलेला नमुना आहे. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येतं. बऱ्याच घरांत किचन नसतं, म्हणजे ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, नुसत्या भिंती आणि नळाचे पाइप. जाहिरातीत किचन आहे असं लिहिलंय का ते बघा.

हेल्थ इन्शुरन्स. पगार २०२६ साठी ७७,४०० च्या वर असेल तर प्रायव्हेटमध्ये जाता येतं आणि एजंट लगेच मागे लागतात, तरुण माणसाला हप्ता स्वस्त दिसतो. पण सरकारी पद्धतीत न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, प्रायव्हेटमध्ये प्रत्येकाचा वेगळा, वय वाढेल तसा हप्ता वाढतो आणि पंचावन्ननंतर परत यायची वाट जवळपास बंद होते. संसार करायचा असेल तर सरकारीतच राहा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

भारतीय लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते, नंतर इथली लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा. गावाबाहेरच्या क्लायंटकडे जायचं असतं, कंपनीची गाडी मिळत असते, तेव्हा हे लांबणीवर टाकू नका.

प्रोबेशनचे सहा महिने

या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते आणि कारण द्यावं लागत नाही. नोकरीचं कायदेशीर संरक्षण सहा महिन्यांनंतर सुरू होतं. बेकारी भत्ता मिळायला निदान बारा महिन्यांची वर्गणी भरलेली लागते, म्हणजे पहिल्या वर्षात नोकरी गेली तर तोही नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या. नोकरी गेलीच तर लगेच परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा, नवी शोधायला साधारण तीन महिने देतात.

काम कसं मिळवायचं? पहिल्या दोन आठवड्यांत स्टाफिंग मॅनेजर आणि निदान चार-पाच प्रोजेक्ट लीड यांना स्वतःहून वीस मिनिटं मागा. "मी एफआयमधला (एसएपीचं फायनान्स मॉड्यूल) आहे" एवढं सांगून भागत नाही, तुम्ही कुठली अडचण सोडवली ते एका उदाहरणात सांगा, म्हणजे "पाच देशांची बॅलन्स शीट एका चार्ट ऑफ अकाउंट्सवर आणली, कटओव्हर वीकेंडला, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करताना, मी होतो" असं. लोकांच्या लक्षात तेच राहतं. मोठा प्रोजेक्ट नसेल तर टेस्टिंग, डेटा मायग्रेशन, कुणाच्या रजेत बदली, जे येईल ते घ्या, तासांच्या रकान्यात शून्य दिसण्यापेक्षा काहीही बरं. आणि पहिल्या जर्मन मीटिंगमध्ये गप्प बसू नका. आधी माफी मागत इंग्लिशवर उडी मारण्यापेक्षा दोन वाक्यं जर्मनमध्ये तयार करून बोला, व्याकरण चुकलं तरी चालतं, क्लायंटचा चेहरा लगेच सैल होतो, मग अवघड भाग इंग्लिशमध्ये मांडा.

एक फरक सांगायलाच हवा. आपल्याकडे क्लायंटने तारीख विचारली की "होऊन जाईल" म्हणायची सवय असते. इथे ते लिहून घेतात. मंगळवारी देतो म्हणालात आणि बुधवारी दिलंत तर त्यांच्या लेखी तुम्ही चुकलात, आणि शुक्रवारी देतो म्हणून गुरुवारी दिलंत तर विश्वास बसला. "हे या मुदतीत होणार नाही" हे वाक्य इथे उद्धटपणा मानत नाहीत, उलट ते वेळेवर न बोलणारा कन्सल्टंट त्यांना नको असतो. स्टिअरिंग कमिटीत पार्टनरसमोर, त्याच्या म्हणण्याविरुद्ध आकडा मांडायची वेळ आली तर मांडा, आवाज न चढवता.

कुटुंब आणि पुढचं

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए१ची अट नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची पूर्ण मुभा आहे. पण मुभा असणं वेगळं, नोकरी मिळणं वेगळं, त्यामुळे जोडीदाराचा जर्मनचा क्लास तुमच्याबरोबरच भारतात सुरू झाला पाहिजे. मॅरेज सर्टिफिकेट सोबत आणा, टॅक्स क्लाससाठी पहिल्याच महिन्यात लागतं. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, तिथे जा, घराची आणि डॉक्टरची खात्रीची माहिती तिथल्या बायका-माणसांकडून जेवढी मिळते तेवढी कुठे मिळत नाही.

पहिले बारा महिने नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवावं लागतं, त्यानंतर मोकळीक मिळते. पर्मनंट रेसिडेन्सी ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी. पेन्शनची वर्गणी तेवढे महिने भरलेली हवी, जर्मनीतल्या कायदा-समाजजीवनावर तेहतीस प्रश्नांची एक परीक्षा द्यावी लागते, ती पहिल्या वर्षातच उरकून टाका. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं, जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते पण भारत घेत नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) घ्यावं लागतं, तो निर्णय घरच्यांशी बोलून निवांत घ्या. पर्मनंट रेसिडेन्सीची अपॉइंटमेंट मात्र अठराव्या महिन्यातच मागायला लागा, मोठ्या शहरांच्या कार्यालयांत तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात.